मिठाच्या उतारावरचे तीन साक्षीदार

सोमवार, २१ नोव्हेंबर २००५. एकलहऱ्याची ड्युटी संपवून मी जेल रोडला देवरामकाकांच्या सायबर कॅफेत आले, सात नंबरच्या कॉम्प्युटरवर बसले आणि ड्रेनमारच्या चर्चापानावर माझं नाव टाकलं. समोर लाल अक्षरांत आलं: ‘निवळी’ हे खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे. कारण, एकाच व्यक्तीने तीन नावांनी लिहून खोटे पुरावे दिले.

मी ते तीनदा वाचलं. वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत मी नऊ वर्षं पाणी तपासते आहे. बॉयलरला जाणाऱ्या पाण्यात सिलिका किती, सामू किती, हे मोजून लिहायचं आणि खाली सही करायची. मी लिहिलेला आकडा कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. आणि इथे चर्चापानाची देखरेख करणाऱ्या कुणा ‘ग्रंथपाल’ नावाच्या माणसाने, ज्याचं तोंडही मी पाहिलेलं नव्हतं, मला सगळ्यांसमोर खोटारडी ठरवलं होतं. खरं तर खोटारडा. त्याच्या निवेदनात सगळीकडे ‘हा निवळी’ असंच होतं.

ड्रेनमार हा इंग्रजीतला ऑनलाइन खेळ. त्यात चित्रं नाहीत, सगळं अक्षरांत. तुम्ही एक पात्र घ्यायचं. उत्तरेला जा असं लिहिलं की ते उत्तरेला जातं, बघ असं लिहिलं की समोर काय आहे ते दोन ओळींत येतं. त्यात लढाया आहेत, जादू आहे, राक्षस आहेत. मला त्यांची फारशी गोडी नव्हती. मला गोडी होती चर्चापानाची. तिथे खेळणारे लोक त्या जगाचा इतिहास-भूगोल जुळवत बसायचे. कोणती भिंत कोणत्या राजाची, देवळातल्या शिलालेखाचा अर्थ काय, जंगलातले पक्षी एका रात्रीत का मेले. खेळ बनवणारे काही सांगत नसत, त्यामुळे भांडायला भरपूर जागा होती.

आम्हा मराठी मंडळींचा त्यात एक वेगळा विभाग होता. आणि त्या विभागाची एक यादी होती, ‘सिद्ध गोष्टी’. तिच्यात एखादी गोष्ट चढायची तर तीन जणांनी ती वेगवेगळी, एकमेकांना न विचारता, पाहिलेली असली पाहिजे. हा नियम मला इतका आवडला होता की त्याच्यासाठीच मी तिथे थांबले होते. बाहेरच्या जगातसुद्धा इतका चांगला नियम कमी ठिकाणी पाळला जातो.

माझं म्हणणं नदीबद्दल होतं. ड्रेनमारमध्ये एक खारी नदी आहे आणि ती ओलांडायला एकच उतार, मिठाचा उतार. तिथे पाणी कधी गुडघ्याएवढं असतं, कधी कमरेएवढं, कधी गळ्याशी येतं आणि बेसावध पात्रं बुडून मरतात. सगळे म्हणायचे की नदीत एक राणी बुडाली होती, तिच्या रागाने पाणी चढतं आणि रागाला काही वेळापत्रक नसतं. मी सोळा महिने पाणी चढण्याच्या वेळा लिहून ठेवल्या. राग वगैरे काही नव्हता. दोन भरत्या होत्या, एकीत दुसरी मिसळलेली. एक त्या जगाच्या चंद्राबरोबर यायची. दुसरी दर सदतीस तास वीस मिनिटांनी, आणि तिच्यासाठी आकाशात काहीच नव्हतं. म्हणजे त्या आकाशात आणखी एक चंद्र होता, न दिसणारा. मग मला उत्तरेकडच्या देवळातला तो शिलालेख समजला, ज्यावर सगळ्यांनी डोकं फोडून घेतलं होतं: दोघी बहिणी, एकीने आपला दिवा देऊन टाकला.

ते समजलं त्या दिवशी मी घरी जाऊन कोणाला काही सांगू शकले नाही. आईला काय सांगणार, की नसलेल्या जगात नसलेला चंद्र सापडला?

साक्षीदार मात्र हवे होते. एक मी. दुसरी ललिता, माझी शाळेपासूनची मैत्रीण, मुलांना गणित शिकवणारी. ड्रेनमारमध्ये तिचं नाव ‘पाटी’. तिसरा अश्विन, बिटको चौकात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा बावीस वर्षांचा मुलगा, नाव ‘वज्रदंत’. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी चढण्याचे एकतीस प्रसंग तिघांनी वेगवेगळे नोंदवायचे असं ठरलं. प्रत्येकाचा कागद वेगळा. कोणी कोणाला विचारायचं नाही. हे मी दोघांना इतक्या वेळा सांगितलं की ललिता एकदा म्हणाली, “बाई गं, बोर्डाच्या परीक्षेलासुद्धा एवढा बंदोबस्त नसतो.”

आणि हे सगळं झाल्यावर मी एकच माणूस निघाले.

“काय झालं मॅडम?” देवरामकाकांनी काउंटरवरून विचारलं. “लाईट गेल्यासारखं तोंड झालंय.”

मी त्यांना पडदा दाखवला. कॅफेतल्या बारा कॉम्प्युटरांना बाहेर जायला जोडणी एकच होती आणि तिचा इंटरनेटवरचा पत्ता एकच. आम्ही तिघंही इथेच बसून खेळायचो, घरी इंटरनेट कोणाकडेच नव्हतं. पुण्या-मुंबईत घरच्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या माणसाला एका पत्त्यावरून तीन नावं दिसली की तो म्हणणार, एकच माणूस तीन मुखवटे घालून बसलाय. एका खोलीत बारा माणसं रांगेने बसून खेळतात हे त्याच्या डोक्यात येणारच नाही.

“म्हंजी त्याच्या हिशेबानं मी, तुम्ही, तो कोपऱ्यातला नोकरीचा अर्ज भरनारा, सगळे एकच?” काका म्हणाले.

“हो.”

“मंग मतदानाला एकानंच गेलं तरी चालंल की. लय सोय झाली.”

मला हसू आलं नाही. मी ग्रंथपालला पत्र लिहिलं. सायबर कॅफे म्हणजे काय ते चार ओळींत समजावलं आणि शेवटी विचारलं, की आरोप करण्याआधी मला एक प्रश्न विचारायला किती वेळ लागला असता?

दोन दिवसांनी उत्तर आलं. “तीन खाती, एकच पत्ता, एकमेकांना दुजोरा. आम्ही मूर्ख नाही आहोत. तरी मी एका लग्नासाठी गावी चांदवडला येतोय. रविवारी, ४ डिसेंबरला पुण्याला परत जाताना नाशिकरोडला उतरेन. तिघांना हजर करा.”

हजर करा! ललिताने ते वाचलं आणि म्हणाली, “तिघांची एक करण्यापेक्षा माझ्या एकीच्या तिघी केल्या असत्या तर बरं झालं असतं. एकीने घरी भांडी घासायची, दुसरीने इथे बसायचं.” मग तिने माझ्याकडे पाहिलं. “चैताली, तू रडतेयस का?”

“नाही,” मी म्हटलं. मला राग आला होता. राग आला की माझा आवाज चढत नाही, हातातला पेन मात्र कागदाला भोक पाडतो.

तिघं तीन माणसं आहोत एवढं दाखवून माझं समाधान होणार नव्हतं. तीन माणसं येऊन उभी राहिली तरी तो म्हणू शकला असता, की माणसं तीन असतील, पण नोंदी एकीनेच लिहिल्या. मला त्याला नोंदींवरून दाखवायचं होतं. आणि ते दाखवता येतं. पाणी चढलं हे कळायला आम्हाला सारखं ‘बघ’ लिहावं लागायचं. कोणी दर दोन मिनिटांनी लिहितो, कोणी पाच मिनिटांनी, मध्ये कोणी पाणी प्यायला उठतो. त्यामुळे एकाच भरतीची वेळ तिघांच्या कागदांवर थोडी मागेपुढे पडणार, आणि ती कशी मागेपुढे पडेल याला काही क्रम असणार नाही. खरी मापं एकमेकांशी थोडी भांडतात. एम.एस्सी.ला असताना प्रॅक्टिकलमध्ये ज्यांची ब्युरेटची तिन्ही वाचनं तंतोतंत जुळायची, त्यांची वही आमचे सर न वाचता बाजूला ठेवायचे.

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर मी तिन्ही कागद पुढे घेतले आणि फरक काढायला बसले. माझ्या वेळेच्या तुलनेत ललिताची वेळ: चार मिनिटं उशिरा, तीन मिनिटं आधी, काहीच फरक नाही, सहा उशिरा, दोन आधी. असे एकतीस. जसं असायला हवं तसं. मला बरं वाटलं. ग्रंथपालच्या तोंडावर हा कागद ठेवताना काय बोलायचं, तेही मी मनात जुळवलं.

मग अश्विनचा कागद घेतला. एक मिनिट उशिरा. दोन उशिरा. एक उशिरा. एक उशिरा. दोन उशिरा. एकतीस प्रसंगांत एकदाही तो माझ्या आधी नव्हता. एकदाही तीन मिनिटं मागे नव्हता.

मी पुन्हा फरक काढले. पेन्सिलने काढले, मग पेनने. आकडे बदलले नाहीत.

अश्विन दुकानातच होता. एका उघड्या कॅबिनेटमधली धूळ ब्रशने झाडत होता. मी कागद त्याच्यासमोर ठेवला.

“हे तू बघून लिहिलंयस?”

“हो ताई. म्हणजे, सुरुवातीचे दोन-तीन बघितले.”

“आणि बाकीचे?”

त्याने ब्रश खाली ठेवला. “तुमची वही काकांच्या ड्रॉवरमध्ये असायची ना. त्यातून घेतले. तेच्या तेच नाही घेतले हां. एखाद-दुसरं मिनिट वाढवलं, कॉपी वाटू नये म्हणून.”

“का?”

“ताई, तासन्‌तास नुसतं बघ-बघ लिहीत बसायचं, बोर होतं हो. आणि तुमचं चुकतच नाही कधी. तुम्ही बघितलंय म्हटल्यावर मी परत कशाला बघायचं?”

आजवर माझ्यावर कोणी इतका विश्वास टाकला नसेल, आणि त्याबद्दल कोणाच्या मुस्कटात मारावीशी मला इतकी कधी वाटली नसेल.

“अश्विन, साक्षीदार म्हणजे काय?”

“जो आपल्या बाजूने बोलतो तो.”

“नाही. ज्याने पाहिलं तो.”

“पण चंद्र आहे ना खरंच?” तो कळवळून म्हणाला. “मग बिघडलं काय? उद्या तो येईल, तीन माणसं बघेल, सॉरी म्हणेल, तुमचं खातं चालू होईल. ललिताताईंनासुद्धा सांगू नका. तुमच्याच चंद्राचं नुकसान करताय तुम्ही.”

मी कागद उचलून घरी आले. ललिताला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “त्या ग्रंथपालला हे सांगायलाच पाहिजे का? त्याने नाही का आपल्याला न विचारता खोटं ठरवलं? त्याच्याशी एवढं खरं वागायची गरज काय?”

“त्याच्याशी नाही वागत,” मी म्हटलं. पण त्या दिवशी कोणाशी वागत होते, हे मला नीट सांगता आलं नसतं.

रविवारी दहाच्या सुमारास तो आला. तिशीचा, लग्नातली मेंदी हाताला, गळ्यात प्रवासाची बॅग. खरं नाव मल्हारी शेळके, पुण्यात कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत. वागायला वाईट नव्हता, हेच मला जास्त खटकलं. ज्याच्यावर चिडायचं, तो निदान उर्मट असावा. त्याने कॅफेत नजर फिरवली. बारा कॉम्प्युटर, त्यांच्यापुढे माणसं, एक बाई पोराला मांडीवर घेऊन निकाल बघतेय. त्याच्या चेहऱ्यावरूनच दिसलं की आता त्याला कळलं.

मग तो सरळ अश्विनकडे गेला आणि हात पुढे केला. “निवळी? सॉरी यार. चूक झाली. पण काम जबरदस्त आहे तुझं. सदतीस तास वीस मिनिटं! डोकं पाहिजे.”

अश्विन कानापर्यंत लाल झाला. “मी नाही. या.”

“या?” मल्हारीने माझ्याकडे पाहिलं, मग ललिताकडे, मग परत माझ्याकडे. “अच्छा. मॅडम, तुम्ही? वाटलं नव्हतं.”

“काय वाटलं नव्हतं?” ललिताने विचारलं. “की बाई आहे, की माणूस आहे?”

देवरामकाका काउंटरमागे खोकले.

“नाही, तसं नाही,” मल्हारी म्हणाला. “हे बघा, मी इथूनच तिघांची खाती चालू करतो. दुसरा चंद्र ‘सिद्ध गोष्टीं’त टाकतो. विषय संपला. सगळ्यांनाच आनंद होईल, खरंच.”

तो तीन नंबरवर बसला आणि आपलं नाव टाकू लागला. अश्विन माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत एवढी विनवणी होती की मी दुसरीकडे पाहिलं.

“थांबा,” मी म्हटलं. “चंद्र टाकू नका. वज्रदंतची साक्ष काढून टाका. एकतीसपैकी दोन-तीनच नोंदी त्याच्या आहेत. बाकीच्या त्याने माझ्या वहीतून उतरवल्या. मला काल कळलं.” आणि फरकांचा कागद त्याच्यापुढे ठेवला.

त्याने तो नीट वाचला. आकड्यांवरून बोट फिरवलं. मग खुर्चीत मागे टेकला आणि हसला. “म्हणजे आमचा संशय बरोबर होता तर!”

तेव्हा मात्र माझा आवाज चढला. कॅफेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

“नाही! तुमचा संशय वेगळा होता. तुम्ही लिहिलंत की तीन नावांमागे एक माणूस आहे आणि पुरावे त्याने बनवलेत. तीन माणसं तुमच्यासमोर उभी आहेत. दोघींच्या नोंदी खऱ्या आहेत. एकाने कॉपी केली, ते तुम्ही पकडलेलं नाही, मी पकडलं. तुम्ही एक पत्ता बघितलात आणि दोन बायकांना खोटं ठरवून झोपायला गेलात. तुमचा नियम इतका सुंदर आहे, तीन जणांनी वेगवेगळं पाहायचं. आम्हाला बंद करताना तुम्ही किती जणांनी वेगवेगळं पाहिलं होतं?”

त्याने खुर्ची पुढे ओढली.

“किती जणांनी?”

“मी एकट्याने,” तो म्हणाला.

“मग लिहा.”

“काय लिहू?”

“मी सांगते. एक: निवळी, पाटी आणि वज्रदंत या तीन वेगळ्या व्यक्ती आहेत, निवळी आणि पाटी यांच्यावर केलेला आरोप चुकीचा होता. दोन: वज्रदंतच्या नोंदी निवळीच्या वहीतून उतरवलेल्या आहेत, त्या रद्द. तीन: दुसऱ्या चंद्राला दोनच साक्षीदार आहेत, म्हणून तो सिद्ध नाही.”

“तिसरं पाहिजेच का?” अश्विनने हळूच विचारलं.

“पाहिजे.”

“मॅडम, कशाला वाढवताय,” मल्हारी म्हणाला. “आरोपाची पोस्ट मी गुपचूप काढून टाकतो ना. मॉडरेटर सहसा असं जाहीर मागे घेत नाहीत. एकदा घेतलं की जो तो मागायला येतो.”

“सहसा? का तसा नियम आहे?”

“नियम असा नाही.”

“मग त्याच जागी लिहा. जिथे खोटं म्हटलंत, त्याच्याच खाली. काढून टाकलंत तर ज्यांनी आधी वाचलंय ते मला खोटीच समजत राहतील.”

त्याने लिहिलं. रोमन अक्षरांत मराठी, एका बोटाने, सावकाश. ‘चुकीचा होता’ च्या जागी त्याने आधी ‘गैरसमजातून झाला’ असं लिहिलं होतं. मी त्याच्या मागे उभी होते. मी काही न बोलता पडद्यावर पेनाने टिचकी मारली. त्याने ते खोडलं आणि मी सांगितलेले शब्द टाकले.

पाच मिनिटांत खाली उत्तरं यायला लागली. कोणी लिहिलं, “शेवटी फसवणूक निघालीच ना.” कोणी लिहिलं, “राणी की जय.” एकाने विचारलं, “निवळी बाई आहे???” तीन प्रश्नचिन्हं. सोळा महिन्यांच्या नोंदींबद्दल एकानेही एक शब्द लिहिला नाही. दोन ओळींच्या वर वाचायची कोणाची तयारी नव्हती, आणि ही माणसं स्वतःला त्या जगाचे इतिहासकार म्हणवत होती.

अश्विन केव्हा निघून गेला ते मला कळलं नाही. ललिता म्हणाली, “जाऊ दे त्याला. लाजलाय. चार दिवसांनी येईल.”

“येऊ दे. पण माझ्या वहीला हात लावायचा नाही.”

मल्हारीने बॅग खांद्याला लावली होती, पण तो खुर्चीवरून उठला नव्हता. फरकांचा कागद पुन्हा हातात घेऊन त्याने ललिताच्या रांगेवरून बोट फिरवलं. चार उशिरा, तीन आधी, शून्य, सहा उशिरा.

“हे खरं दिसतंय,” तो म्हणाला. जणू मी त्याचीच परवानगी मागत होते.

“खरंच आहे.”

“मग तिसरा साक्षीदार कोण?”

“कोणीही. ज्याला डोळे आहेत आणि जो बसू शकतो तो.”

त्याने पडद्यावर खेळ उघडला. त्याचं पात्र ड्रेनमारच्या राजधानीत उभं होतं. त्याने दक्षिणेला जा लिहिलं. पुन्हा दक्षिणेला. पुन्हा. मिठाच्या उताराशी आला तेव्हा पाणी गुडघ्याएवढं होतं.

“पुण्याची गाडी बारा वाजता आहे,” तो म्हणाला. “पाणी कधी चढणार ते सांगा, म्हणजे तेवढं बघतो आणि निघतो.”

“सांगणार नाही.”

“अहो, आता का रागावताय? मी तुमचंच काम करतोय.”

“रागावलेलीच आहे. पण त्यासाठी नाही. मी वेळ सांगितली तर तुम्ही त्या वेळेला बघाल, आणि ती साक्ष तुमची राहणार नाही, माझी होईल. एक अश्विन मला पुरे झाला.”

ललिता हसली. मल्हारीने घड्याळ पाहिलं, बाहेर रस्त्याकडे पाहिलं, खांद्यावरची बॅग काढून पायाशी ठेवली. काकांनी न विचारता त्याला एक कोरा कागद दिला. त्याने वर तारीख लिहिली.

मी माझी खुर्ची उचलली आणि त्याच्या पाठीमागे, भिंतीला लावून बसले. माझ्या चेहऱ्यावरून त्याला काही कळायला नको होतं.